वाचलेले

हार्ड डिस्क 'बिघडली' असे मराठीत क्वचितच म्हटले जाते, ती 'जाते'. वीज जाते, नोकरी जाते, घरातले वडीलधारे माणूस जाते, त्याच क्रियापदाने डिस्कही जाते आणि तिच्याबरोबर मुलीच्या लग्नाचे फोटो, अर्धा लिहून झालेला प्रबंध, सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब आणि आजोबांच्या आवाजातली रामरक्षा हे सारे एका दमात गेले असे घर धरून चालते. या बोलण्यात थोडी गफलत आहे. डिस्क गेली असे म्हणतात त्या क्षणी तिच्यावर लिहिलेले बहुतेक वेळा जागच्या जागी असते, आणि गेलेली असते ती तिथपर्यंत पोहोचण्याची वाट. डेटा रिकव्हरी म्हणून ओळखला जाणारा उद्योग याच एका फरकावर उभा आहे, आणि बारकाईने पाहिले तर त्या उद्योगाचे बरेचसे व्यवहार यंत्रशास्त्रापेक्षा पोथीशास्त्राला जवळचे वाटतात.

हार्ड डिस्क म्हणजे धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्यांची एक छोटी चळत. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्या थरातील सूक्ष्म कणांच्या दिशा म्हणजेच लिहिलेला मजकूर. १९५६ मध्ये आयबीएमने रामॅक नावाच्या संगणकाबरोबर अशी पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज त्याच्या लाखो पट मजकूर तळहातावर मावणाऱ्या खोक्यात असतो. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, मोठ्या डिस्कमध्ये तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि वाचणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, ते तिला न टेकता हवेच्या उशीवर अवघ्या काही नॅनोमीटरांवरून तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरली, तर या अंतरात धुळीचा कण हा कण राहत नाही, धोंडा होतो. हेड तबकडीला घासले की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडून भुकटी झालेले अक्षर जगातला कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही.

म्हणून या शास्त्राचा पहिला नियम काहीही न करण्याचा आहे, आणि तोच पाळायला सर्वांत अवघड. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येऊ लागला, म्हणजे हेड आपली खूण शोधत आहे, ती न सापडल्याने मागे येऊन पुन्हा शोधत आहे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. अशा वेळी वीज तोडणे हाच उपाय असतो, कारण पुढची प्रत्येक फेरी जखम वाढवू शकते. पण घरातले माणूस नेमके याच वेळी संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहते, कुणी डिस्कच्या बाजूला हलकेच चापट मारून पाहते, कुणी कुठेतरी ऐकलेला उपाय म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवते आणि बाहेर काढल्यावर तबकडीवर धरलेल्या दवासकट पुन्हा चालवते. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत आणि २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात घराघरांतले संगणक पाण्याखाली गेले. पाण्यात बुडालेली डिस्क उन्हात वाळवणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राखाली धरणे ही सहजबुद्धी असली, तरी वाळलेला गाळ तबकडीला चिकटून बसतो. जाणकार अशी डिस्क ओलसर ठेवूनच, पिशवीत बंद करून आणायला सांगतात, हे ऐकणाऱ्याला बराच वेळ खरे वाटत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत ज्याला 'लॉजिक कार्ड' म्हणतात तो डिस्कच्या पाठीवरचा हिरवा सर्किट बोर्ड जळला असेल, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे कार्ड लावले की काम झाले, असे एक काळ होत असे. आता तसे सहसा होत नाही. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक डिस्कची तिच्या स्वतःच्या हेडांशी आणि तबकड्यांशी जुळणी केली जाते आणि त्या जुळणीचे आकडे कार्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये तसेच तबकडीच्या राखीव भागात नोंदवलेले असतात. परके कार्ड लावायचे, तर मूळ कार्डावरची ती चिप अलगद उपसून नव्यावर बसवावी लागते. हेडच निकामी झाले असेल, तर जवळपास जुळ्या म्हणाव्या अशा दुसऱ्या डिस्कमधून ते काढून, धूळ गाळलेल्या हवेच्या बंदिस्त जागेत, इथे बसवावे लागते. या दुसऱ्या डिस्कला व्यवसायात 'डोनर' म्हणतात. अवयवदानाच्या भाषेतला हा शब्द थोडा भडक वाटला, तरी बसवलेले हेड पुष्कळदा काही तासच तग धरते आणि तेवढ्यात सगळे उतरवून घ्यावे लागते हे लक्षात घेतले, म्हणजे तो अस्थानी वाटत नाही.

उतरवून घेणे हा यातला कळीचा शब्द आहे. आजारी डिस्कवरच्या फायली उघडून बघायच्या नसतात. आधी तिची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंतची नक्कल, दुसऱ्या निरोगी डिस्कवर घ्यायची असते आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे असतात. या खणांना सेक्टर म्हणतात आणि जुन्या डिस्कांत एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, तर २०१० नंतरच्या बहुतेक डिस्कांत ४०९६ बाइट मावतात. या नकलेसाठी अँटोनियो डियाझ डियाझ यांचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम वापरता येतो, आणि त्याची रीत एखाद्या सावध लेखनिकासारखी आहे: वाचता येईल ते आधी झरझर उतरवायचे, जिथे अडेल तिथे हट्टाने थांबून न राहता जागेची नोंद करून पुढे जायचे, आणि सोपे सारे हाती आल्यावरच अडलेल्या जागांकडे परत यायचे, कधी पुढून तर कधी मागून. जीर्ण पोथीची नक्कल करणाऱ्याने तुटक्या पानावर रेंगाळून बाकीची पाने वाळवीला देऊ नयेत, असे कोणी सांगितले असते तर ते वेगळे नसते. काम संपते तेव्हा हाती एक नक्कल असते आणि सोबत एक नकाशा असतो, ज्यात कोणते सेक्टर वाचले आणि कोणते वाचले नाहीत याची यादी असते.

इथे मराठी वाचक क्षणभर थबकेल, कारण 'वाचले' या शब्दाने या ठिकाणी दोन्ही कामे केली आहेत. वाचणे म्हणजे लिहिलेले उलगडणे आणि वाचणे म्हणजे जिवानिशी सुटणे ही दोन क्रियापदे मुळात वेगळी. पहिले संस्कृतातल्या वाच् शी नाते सांगते, तर दुसऱ्याचा संबंध वञ्च् शी, म्हणजे चुकवून निसटण्याशी, लावला जातो. जुन्या लेखनात दुसऱ्याच्या डोक्यावर अनुस्वार असे, 'वांचणें' असे ते लिहिले जाई, आणि त्या एका टिंबावरून कोण वाचला आणि कोणी वाचले हे कळत असे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकल्यावर ते टिंब गेले आणि दोन्ही शब्द एकाच खणात राहू लागले. व्याकरणाच्या दृष्टीने ही एक गैरसोय असेल. डिस्कच्या बाबतीत मात्र ते नेमके वर्णन आहे: जो सेक्टर वाचता आला, तोच वाचला.

नक्कल मिळाली म्हणजे फायली मिळाल्या असे होत नाही. डिस्कवर मजकूर एका ठिकाणी असतो आणि त्याची अनुक्रमणिका दुसऱ्या ठिकाणी. फाइलचे नाव, तिचे फोल्डर, तिची तारीख आणि तिचे तुकडे कुठे कुठे ठेवले आहेत याची यादी हे सगळे अनुक्रमणिकेत असते, फाइलच्या अंगावर नसते. या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. पेन ड्राइव्हवर आणि जुन्या संगणकांत असलेल्या फॅट या व्यवस्थेत एखादी फाइल खोडली, तर मजकुराला हातही लागत नाही. तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे पुसून तिथे २२९ हा ठरलेला आकडा लिहिला जातो आणि तुकड्यांची साखळी मोकळी केली जाते. मग रोमन लिपीत छोटेसे नाव दिलेली फाइल परत आणणाऱ्या माणसासमोर पहिले अक्षर नसलेला, धड उच्चारताही न येणारा शब्द उभा राहतो. घाईघाईने 'फॉरमॅट मारला' तर अनुक्रमणिकाच कोरी होते, मजकूर तसाच राहतो. पण विंडोज व्हिस्टापासून पुढचा पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्ये लिहीत जातो. चिपवर चालणाऱ्या नव्या एसएसडीमध्ये तर खोडलेली जागा यंत्र स्वतःच पुसून ठेवते, त्यामुळे तिथे या सगळ्या विद्येला फारसा वाव राहत नाही.

अनुक्रमणिका पूर्ण नष्ट झाली असेल, तर एकच मार्ग उरतो: सगळी डिस्क सलग चाळायची आणि मजकुराच्या अंगावरच्या खुणांवरून फायली ओळखायच्या. प्रत्येक जेपीईजी चित्र २५५ आणि २१६ या दोन आकड्यांनी सुरू होते आणि २५५, २१७ ने संपते. पीडीएफ फाइलच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि तिचे स्वतःचे नाव असते. झिप फाइलच्या तोंडावर पीके ही दोन अक्षरे असतात, जी ती पद्धत तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत, आणि आजची प्रत्येक वर्ड फाइल ही आतून झिपच असल्याने मराठी कथाकवितांच्या तोंडावरही तीच आद्याक्षरे मुकाट्याने बसलेली असतात. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा प्रोग्रॅम अशा खुणांवरून फायली वेचतो, पण नाव कुठेच उरलेले नसल्याने तो त्यांना एफ या अक्षरापुढे एक लांबलचक आकडा जोडून ठेवतो. तो आकडा उगाच दिलेला नसतो. फाइल डिस्कवर जिथे सापडली त्या खणाचा तो क्रमांक असतो. नाव गेले, पत्ता उरला.

अशा पन्नास हजार फायलींचे फोल्डर उघडून बसलेल्या माणसाचा अनुभव हा डिस्क गेल्याच्या अनुभवापेक्षा वेगळा आणि कदाचित अधिक थकवणारा असतो. पुराने वाहून आलेल्या वस्तूंत तांब्याची कळशी आणि फुटकी बादली शेजारी पडलेली असावी, तसे बाळाच्या पहिल्या पावलाचा फोटो आणि कुठल्याशा बँकेच्या संकेतस्थळाचे बोधचिन्ह तिथे एकामागोमाग येतात, कारण खुणा दोघांच्याही सारख्याच असतात आणि यंत्राला त्यांत डावे-उजवे करता येत नाही. 'गणपती २००९', 'नाशिक', 'आईचे ऑपरेशन', 'नको असलेले' अशी फोल्डरांची नावे कोणी फारसा विचार करून दिलेली नसतात, तरी कोणता फोटो कशाचा आहे हे त्या नावांनीच धरून ठेवलेले होते, हे ती गेल्यावर कळते. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली तारीख मात्र पुष्कळदा शाबूत असते आणि तिच्या आधाराने क्रम लावता येतो; अर्थात बॅटरी बदलल्यावर ज्या घरात कोणी घड्याळ लावले नाही, तिथे सगळे सणवार एकाच १ जानेवारीला, मध्यरात्री साजरे झालेले दिसतात.

अर्धवट परत आलेला फोटो हे या सगळ्यातले सर्वांत विलक्षण दृश्य असते. साध्या जेपीईजीत चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने साठवलेले असते, त्यामुळे फाइलचा उत्तरार्ध हरवला की चित्राचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि एका आडव्या रेषेनंतर खाली सगळा करडा रंग पसरतो. लग्नातल्या एकत्र फोटोत मागच्या ओळीत खुर्चीवर चढून उभे राहिलेले चुलतभाऊ, त्यांचे फेटे, मांडवाची झालर हे सारे वाचते. मधल्या ओळीतल्या काकू-मावश्यांचे चेहरे हनुवटीपर्यंत येतात आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसवलेली मुले करड्या रंगात बुडालेली असतात. मात्र कॅमेरे फाइलच्या आरंभीच त्या चित्राची एक चिमुकली प्रत, बहुधा १६० गुणिले १२० ठिपक्यांची, ठेवून देतात. ती प्रत उघडली की टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत ती सगळी मुले बसलेली दिसतात, चेहरे ओळखता येणार नाहीत इतकी लहान, पण संख्येने पूर्ण.

फाइल सलग ठेवलेली असेल तरच हे वेचणे साधते. तुकडे डिस्कभर विखुरलेले असतील तर पहिल्या तुकड्यानंतर माग संपतो. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही महिन्यांनी एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात यानातली सुमारे ४०० एमबी क्षमतेची होरपळलेली डिस्क सापडली, जिच्यावर झेनॉन वायूवरच्या प्रयोगाच्या नोंदी होत्या. तबकड्या धुऊन नव्या खोक्यात बसवल्यावर सुमारे ९९ टक्के मजकूर परत आला आणि त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले एक कारण फार साधे होते: प्रयोगाचा संगणक डॉस या जुन्या प्रणालीवर चालत असे, डॉस मजकूर फारसा विखरत नाही, आणि जिथे तबकडीला इजा झाली होती तिथे मुळात काही लिहिलेलेच नव्हते. घरगुती संगणकाचे नशीब एवढे चांगले नसते, कारण तो वर्षानुवर्षे मोकळी जागा दिसेल तिथे तुकडे कोंबत आलेला असतो.

मराठी मजकुराच्या वाट्याला यापलीकडची एक अडचण येते, आणि ती यंत्राशी संबंधित नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सर्व लिप्यांना एकच क्रमांकपद्धत देणाऱ्या प्रमाणात, देवनागरीला १९९१ पासूनच जागा आहे. त्यातील यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांतले पहिले दोन नेहमी २२४, १६४ किंवा २२४, १६५ असतात. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणून पंधरा बाइटांचा. कुठलेही नाव किंवा अनुक्रमणिका नसलेल्या डिस्कच्या रानात ही जोडी शोधत गेले, तर साधा, न दाबलेला मराठी मजकूर जिथे असेल तिथे हाती लागतो. ५१२ ला तीनने पूर्ण भाग जात नसल्याने १७० चिन्हांनंतर सेक्टरच्या कडेला एक चिन्ह चिरले जाते, त्याचे दोन बाइट अलीकडे आणि एक पलीकडे. पुढचा सेक्टर वाचला नाही, तर त्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. तरीही हा मजकूर भाग्यवान म्हणायचा.

त्याच्या आधीच्या, आणि पुष्कळ घरांत व छापखान्यांत त्यानंतरच्याही, मराठी फायली श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत आहेत. या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने साठवले जाते ते रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह, आणि त्याच्या जागी देवनागरीचा अवयव दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. प्रत्येक फॉन्टची मांडणी मात्र वेगळी. साहजिकच फॉन्ट हरवला की मजकूर शंभर टक्के परत येऊनही पडद्यावर स्वल्पविराम, कंस आणि तुटक्या रोमन अक्षरांची रांग दिसते. घराण्याचा कुलवृत्तांत हे याचे नेहमीचे उदाहरण. कोणी निवृत्त काकांनी गावोगाव पत्रे पाठवून, कुलदैवताच्या देवळातल्या वह्या चाळून, आठ-दहा पिढ्यांची नावे जमवलेली असतात आणि ती पेजमेकरमध्ये, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, एखाद्या जुन्या फॉन्टात बसवलेली असतात. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, रफाराची गोष्ट आणखी निराळी. जरा चूक झाली की जनार्दनपंतांचे जर्नादनपंत होतात आणि वंशावळीत एक नवाच पूर्वज जन्माला येतो.

मजकूर शाबूत आणि किल्ली हरवलेली, ही अवस्था मराठीला नवी नाही. महानुभाव पंथाच्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत शतकानुशतके सुरक्षित होत्या, मठांत नीट बांधून ठेवलेल्या होत्या, आणि पंथाबाहेरच्या कोणालाही त्यांतले अवाक्षर लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली तेव्हा कुठे मराठीचे एक मोठे दालन अभ्यासकांना उघडले. पोथी वाचली होती, पण वाचली जात नव्हती. याच पंथाची दुसरी हकीकत अधिक जवळची आहे. म्हाइंभटांनी जमवलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी आठवणींवरून ते पुन्हा बांधले, असे परंपरा सांगते. म्हणूनच त्यात एका लीळेचे वेगवेगळे पाठ भेटतात. डिस्कवरचे जे कशानेच परत येत नाही, ते परत येण्याची वाट आजही बहुधा हीच असते. बारशाचे फोटो बे एरियात राहणाऱ्या भाच्याच्या जुन्या ईमेलात सापडतात, आजोबांचा आवाज कोणाच्या तरी बंद पडलेल्या मोबाइलच्या कार्डावर असतो, कवितांची वही ज्याला वाचायला पाठवली होती तो मित्र ती अजून ठेवून असतो. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत मूळ फोटोपेक्षा बारीक आणि फिकी असते. तरी पाठभेद म्हणून ती स्वीकारावीच लागते.

जुना संगणक अजून सुरू होत असेल आणि त्यावर तो जुना फॉन्ट अजून असेल, तर ज्याच्या घरी अशा फायली आहेत त्याने त्या या वर्षातच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात, सगळी नावे मूळ छापील पानांशी एकदा ताडून पाहावीत, एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी, आणि फोटोला नाव देताना त्यात सालाबरोबर सतरंजीवर बसलेल्या मुलांचीही नावे लिहावीत.